खड्डा, घार आणि काठीचा मान

खोलीत पाऊल ठेवण्याआधी मला एका झाडूसाठी सही करावी लागली. झाडू, बालदी, कंदील, खाट आणि खाटेखालची एक वीट. वीट कशाला, असं मी विचारलं.

"खाटंचा एक पाय आखूड हाय," घरमालक म्हणाले. "वीट हरवली तर तुमी तिरकं झोपाल, आन उद्या गावात सांगाल, सुभेदारानं तिरकं झोपवलं."

मी साताऱ्याचा. विट्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची नोकरी लागली, आणि विट्यापासून सायकलच्या अंतरावरच्या एका गावात या निवृत्त सुभेदारांकडे खोली मिळाली. ही नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट. सुभेदार तेव्हा साठीला टेकले होते. मिशी पांढरी, पाठ ताठ, आणि पायात घरातसुद्धा बूट. लष्करात त्यांची सगळी नोकरी कोठारात गेली होती. गावाला हे माहीत होतं आणि गाव ते विसरत नव्हतं. पारावर कुणी लढाईचा विषय काढला की सुभेदार एकदम थंडीवर येत, थंडीवरून ब्लँकेटवर येत, आणि मग अमुक डोंगरावर तमुक पलटणीला एकही ब्लँकेट कमी पडलं नाही, इथे त्यांचं युद्ध जिंकून संपत असे.

"गोळी कुणीबी मारतंय," ते म्हणायचे. "पर पुरवून दावा."

त्यांचा धाकटा भाऊ तिकडे दक्षिणेत, कोइमतुरात गलाईच्या धंद्यात होता. सोनं गाळून शुद्ध करायचा हा धंदा करायला विट्याकडची माणसं देशभर पांगली आहेत. दिवाळीला आणि यात्रेला ती गावी येतात, आणि येताना गावात नसलेलं काहीतरी घेऊन येतात. गाव धाकट्याला शेठ म्हणायचं. शेठनी त्या वर्षी देवळावर नवे पत्रे घातले होते. पत्र्यांवर त्यांचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत होतं की देव कुठला, हे आत जाऊन विचारावं लागे.

त्या दिवाळीला शेठनी आणलेली वस्तू म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळ. एक राखाडी डबा, त्यात खुपसायची एक पिवळी कॅसेट, आणि वायर लावलेली बटणांची एक डबी, जिला सगळे रिमोट म्हणत. कॅसेटवर नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ असल्याचं छापलं होतं. प्रत्यक्षात ते सात निघाले. उरलेले तेच सात वेगवेगळी नावं घेऊन येत. यादीतला चौथा खेळ एका बुटक्या शिपायाचा होता. त्याच्या हातात सुरी. त्याने डावीकडून उजवीकडे चालत जायचं, खड्डे ओलांडायचे, पाच टप्पे पार करून किल्ल्यातल्या राक्षसाला मारायचं. तीन जीव. ते संपले की पुन्हा पहिल्या झुडपापासून सुरुवात.

पाडव्याच्या सकाळी घरापुढच्या सोप्यावर शेठ म्हणाले, "दादा, ह्या मशीननं माझी पोरं रडवली. दुकानदारच म्हणाला, चार नंबर कुणालाच संपत न्हाई."

"शत्रू हाय म्हंजे मरणार," सुभेदार म्हणाले. "फकस्त रसद पायजे."

"तुमाला जमतंय व्हय?"

"संपवतो."

शेठ हसले. मग जरा घसा साफ करून त्यांनी मनातलं काढलं. यात्रेला देवळापर्यंत सासनकाठी नेतात. तीस-पस्तीस फुटांचा सजवलेला बांबू, खाली कमरेच्या पट्ट्यात पेलायचा, चार बाजूंनी दोऱ्या धरायच्या. पहिल्यांदा काठी पेलायचा मान या घराचा, म्हणजे घरातल्या थोरल्याचा. पण पत्रे घातल्यापासून मान आता शेठना द्यावा, अशी कुजबुज गावात होती.

"दादा, तुमचं गुडघं आता आवाज करत्यात," शेठ म्हणाले. "असं करू. यात्रेपतूर चार नंबर संपवा, काठी जन्मभर तुमची. न्हाई संपला, तर औंदापास्नं मी धरतो."

ही चेष्टा होती. चेष्टाच राहिली असती, पण सोप्यावर तात्या बसले होते. तात्या यात्रा कमिटीचे पंच. वय ऐंशीच्या घरात, ऐकू कमी, निकाल मात्र ठणठणीत. त्यांनी पानाचा डबा उघडला, दोन्ही भावांच्या हातात एकेक सुपारी ठेवली आणि म्हणाले, "ठरलं." पंचाच्या हातची सुपारी घेतली की शब्द मागे जात नाही. दोघांनी ती घेतली होती, आणि शेठनी तर चघळायलाही सुरुवात केली होती.

शेठ कोइमतुरला गेले, आणि सुभेदारांनी खेळ हाती घेतला.

मी त्या खेळाकडे आधी तुच्छतेने पाहिलं, हे कबूल करतो. मग एका रविवारी हातात घेतला, आणि पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडलो. पूल असा होता की मधली फळी निसटलेली. उडी मारावी, तर नेमक्या उडीच्या मध्यावर पडद्याबाहेरून एक घार येई आणि शिपायाला मागे ढकली. घार कधी पुढून येई, कधी मागून. ती मारत नसे, फक्त ढकलायची. मरायचं काम खड्डा करी. असा नीच समन्वय मी इतिहासाच्या पुस्तकांतही फार क्वचित वाचला आहे.

सुभेदारांनी वही घातली. प्रत्येक मरणाचा अहवाल. पहिलं पान मला आजही आठवतं: "जवान क्रमांक एक. ठिकाण: पूल. कारण: घार. दोष कोणाचा: माझा." नाताळपर्यंत जवानांचा आकडा चारशेच्या पुढे गेला होता, आणि शेवटच्या रकान्यात दुसरा शब्द कधी आला नव्हता. हरणाऱ्याने लिहिलेला इतका प्रामाणिक इतिहास मी दुसरा पाहिलेला नाही.

अडचणी खेळाबाहेरच्याही होत्या. मधे थांबवायचं बटण पुतण्यांनी रागाने दाबून दाबून आत घालवलं होतं. खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवायची सोय त्या डब्यात नव्हतीच. म्हणजे एकदा सुरू केला की संपेपर्यंत अखंड, नाहीतर पहिल्यापासून. त्यात लाईट कधी जाईल, हे देवालाही पत्र्यांखाली बसून सांगता येत नव्हतं. सुभेदारांनी गावच्या मोटार-रिवाइंडिंगवाल्याला गाठून छोटा टीव्ही आणि डबा, दोन्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतील अशी जोडणी करून घेतली. ट्रॅक्टर उरलेला हिवाळा ढकलस्टार्ट होता.

आणि माणसाचं काय? माणसाला उठावं लागतं. यावर सुभेदारांनी उपाय काढला तो सप्ताहातला. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तसा रिमोट खाली ठेवायचा नाही. घेणाऱ्याने समोर बसायचं, देणाऱ्याने "चेंज ओव्हर" म्हणायचं, मगच अंगठे बदलायचे. ज्याने घेतला, त्याने पुढचा माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही, मग घराला आग लागो.

या पहाऱ्यात तिघेच होतो. सुभेदार, मी आणि काकी, म्हणजे सुभेदारांची बायको. काकींना या प्रकाराबद्दल काही मत नव्हतं. एकदा सुभेदार मागच्या दारी गेले होते, आणि काकींच्या हातात रिमोट होता. शिपाई पुलापाशी उभा. काकी चुलीवरच्या दुधाकडे पाहत होत्या. घार आली, डोक्यावरून सरळ निघून गेली. दूध वर आलं नाही अशी खात्री करून काकींनी बटण दाबलं, आणि शिपाई पलीकडे.

सुभेदार दारात थिजले. "कसं ग्येला?"

"त्या पाखराला फुडं जाऊ द्यायचं की," काकी म्हणाल्या. "तुमी त्येच्या अंगावर जाताय. त्येला काय तुमचं नाव म्हाईत हाय?"

सुभेदारांनी दोन मिनिटं विचार केला. मग वहीत लिहिलं: "उपाय: थांबणे. सुचवणारे: घरातून."

तरीही एक प्रश्न त्यांना टोचत राहिला. हे मुद्दाम इतकं अवघड कुणी आणि का केलं? कोठारातला माणूस, हेतू कळल्याशिवाय मालाला हात लावत नसे. एका शनिवारी ते मला घेऊन सांगलीला निघाले. रेकी करायला, म्हणाले. कोट घातला, पदकं लावली. सांगलीच्या एसटी स्टँडजवळ एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आत उभी मशीनं, त्यांना चिकटलेली पोरं. मालक विशी-बाविशीचा. दारात पदकं पाहून त्याने आधी दोन मशीनं बंद केली आणि मग विचारलं, "साहेब, कुठल्या खात्याचं?"

"गिऱ्हाईक हाय मी," सुभेदार म्हणाले. "मला एक सांगा. हे इतकं अवघड का करत्यात?"

मालकाचा जीव भांड्यात पडला. "काका, सोपं आसलं तर एकच पोरगं दिवसभर खेळत बसंल. ते दोन मिन्टांत मेलं पायजे. मेलं, तरच परत नाणं टाकतंय. अन् अगदीच लगेच मेलं, तर येत न्हाई. थोडक्यात ग्येलं, असं वाटलं पायजे त्येला. सगळी कला तिथंच हाय."

"ते दुकानाचं झालं. पर घरातल्या मशीनला कुठं नाणं हाय?"

"त्ये गेम ह्यांचीच पिल्लं, काका. खोड आईबापाची. शिवाय त्या कॅसेटमदी जागाच इवलीशी. सरळ चालत ग्येलं, तर च्या उकळोस्तवर संपतंय सगळं. मग लोक म्हणतील, फसवलं. म्हणून मधी खड्डं घालत्यात."

परतीच्या एसटीत सुभेदार तासगावपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होते. पदकं खुळखुळत होती. तासगाव सोडल्यावर म्हणाले, "मास्तर, माल कमी हाय."

"कुठला माल?"

"ख्येळातला. अर्ध्या तासाचा माल हाय आन वरीसभर पुरवायचा हाय. आमी डाळ तशीच पुरवायचो. पाणी वाढवायचं. हितं खड्डं वाढवल्यात." त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच शत्रूबद्दल आदर पाहिला. "ज्यानं केलंय, त्यो कोठारातलाच माणूस असणार."

व्हिडिओ गेम इतके का छळतात, यावर पुढे मी शहाण्या माणसांचे लेख वाचले. त्यांत यापेक्षा जास्त काही नव्हतं, आणि डाळ तर नव्हतीच.

फाल्गुनात मी माझा कलंक लावून घेतला. सुभेदार आंघोळीला गेले होते. शिपाई चौथ्या टप्प्यावर, तिन्ही जीव शाबूत; इतकं पुढे आम्ही कधीच गेलो नव्हतो. रिमोट माझ्याकडे. मी दुसऱ्या दिवशीच्या तासाचा विचार करत होतो, आणि त्या विचारात तीनदा एकाच खड्ड्यात चालत गेलो. उडीसुद्धा मारली नाही.

सुभेदार कानात साबण घेऊन बाहेर आले. ओरडले नाहीत. वही पुढे केली. "रिपोर्ट लिवा."

मी लिहिलं: "परिस्थिती प्रतिकूल होती."

त्यांनी ते खोडलं. "परिस्थिती सगळ्यास्नीच असती, मास्तर. ह्यो रकाना दोष कुणाचा, ह्याचा हाय."

मी लिहिलं, "माझा." तो शब्द लिहायला मला वाटला होता त्याहून वेळ लागला. त्या दिवसापासून माझं नाव पहाऱ्यातून कमी झालं, आणि मी नुसता बघ्या उरलो.

यात्रेच्या आदल्या दिवशी शेठ पांढऱ्या गाडीतून आले. गाडीला हार, हाराला त्यांच्या नावाची चिठ्ठी. सोबत कमरेचा नवा पट्टा आणला होता; लाल रेशमी, जरीच्या किनारीचा. त्यांनी तो सोप्यावर खुंटीला लावला, सगळ्यांना दिसेल असा. खेळ अजून एकदाही संपलेला नव्हता. सुभेदारांनी पट्टा पाहिला आणि ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायला पाठवली.

यात्रेच्या सकाळी उजाडताच ते बसले. फेटा बाजूला ठेवलेला, बूट घातलेले. काठी दुपारच्या आत उठायला हवी होती. तात्या पंच म्हणून समोर खुर्चीवर. शेठ त्यांच्या शेजारी, खुंटीखाली. काकी आधी सोबत होत्या. दोनदा त्यांनी चेंज ओव्हर केला, मग नैवेद्य घेऊन बायकांबरोबर देवळाकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "घाई करू नगासा."

सुभेदारांनी घाई केली नाही. घारींना वाट दिली. पूल, विहीर, जळका वाडा. चौथ्या टप्प्यावरचा माझा खड्डा आला तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडे गेले. पाचवा टप्पा. किल्ला. राक्षस पडदाभर उंच, तोंडातून गोळे फेकणारा. एक जीव गेला. दुसरा गेला. खुर्चीवर तात्यांनी तपकीर हातातच धरून ठेवली. तिसऱ्या जीवावर सुभेदार गोळा चुकवून खाली वाकले, म्हणजे शिपाईही आणि तेही, आणि सुरी बसली. राक्षस लुकलुकला. मग नाहीसा झाला.

पडदा काळा. एक छोटी पिपाणी वाजली. आम्ही वाट पाहत होतो. राजकन्या म्हणा, कारंजं म्हणा, निदान काही अक्षरं.

पडदा उजळला. पहिलं झुडूप. तोच बुटका शिपाई, पुन्हा तीन जीव. फक्त घारी आता दोन होत्या आणि घाईत होत्या.

तात्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हे तर सकाळचंच गाव हाय," तात्या म्हणाले.

"तात्या, संपलं कुठं?" शेठ म्हणाले. "चालूच हाय की."

"राक्षस म्येला नव्हं?"

"म्येला. पर संपलं असतं तर थांबलं असतं."

तात्यांनी डोळे मिटले. बाहेर ढोल सुरू झाला होता. त्यांनी खिशातून पुडी काढून देवाचा गुलाल तळहातावर घेतला आणि सुभेदारांपुढे धरला. "सुभेदार, आमाला ह्यातलं कळत न्हाई. तुमी ह्याला हात लावा आन सांगा. संपलं का न्हाई?"

'संपलं' एवढंच म्हणायचं होतं. त्या खोलीत त्यांना खोटं पाडेल असा कुणी नव्हता. मी तर नक्कीच नव्हतो. मी डोळ्यांनी त्यांना तसं सुचवलंही, त्यांनी बघितलं नाही. रिमोट सोडता येत नव्हता, म्हणून त्यांनी कोपर गुलालाला लावलं.

"न्हाई संपलं," ते म्हणाले. "माल संपला, म्हणून त्याच मालाला पाणी घालून परत वाढलंय. पर संपलं न्हाई."

"मग काठी धाकट्याची," तात्या म्हणाले.

"व्हय."

शेठ उठले. खुंटीवरचा पट्टा काढून कमरेला बांधला. गाठ मारताना त्यांची नजर टीव्हीकडे गेली. सुभेदार खेळतच होते. पुढचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचाच कायदा. शिपाई पुलाकडे निघाला होता. शेठ दारापर्यंत गेले आणि थांबले.

"दादा."

"हं."

"पोरं न्हाई रडली."

"मंग?"

"मीच. दुकानात दुपारचं गिऱ्हाईक नसतंय. दिवाळीआदी सा म्हैनं बसलो. पूल न्हाई ओलांडला." ते परत फिरले. "जरा हिकडं द्या. पुलापतूरच."

सुभेदारांनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. "पट्टा बांधलाय तू. ढोल वाजतोय."

"पुलापतूर, म्हटलं ना. हे बगा, बसलो."

आणि पंचांसमोर, जरीच्या पट्ट्यासकट, शेठ सतरंजीवर मांडी घालून बसले. "चेंज ओव्हर," सुभेदार म्हणाले. अंगठे बदलले. सुभेदार उठले तेव्हा दोन्ही गुडघे वाजले. ते तांब्याभर पाणी प्यायले. बाहेरून हाका येऊ लागल्या: काठीला कोण, काठीला कोण.

"मी आलोच," शेठ पडद्याकडे बघत म्हणाले.

पहिली घार त्यांनी चुकवली. दुसरीने ढकललं. हाका वाढल्या. तात्या त्यांच्यासमोर वाकले आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, मुहूर्त थांबत न्हाई. उठताय का?"

शेठचे अंगठे चालू होते. "ह्ये खाली ठेवता येत न्हाई, तात्या. अजून दोन जीव हायती." मग, मान न वळवता, "दादांना म्हणावं, व्हा फुडं."

सुभेदारांनी फेटा बांधला. जुना कातडी पट्टा पेटीतून काढून कमरेला आवळला आणि बाहेर गेले. तात्या आपली हातातली काठी टेकत त्यांच्या मागे.

मी उंबऱ्यावर राहिलो, कारण तिथून दोन्ही दिसत होतं. गल्लीत गर्दी मागे सरली, दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि कौलांच्या वर काठीचा शेंडा हळूहळू उभा राहिला.

"मास्तर," आतून शेठचा आवाज आला, "काठी उठली का?"

"उठली."

"कुणी धरलीय?"

"सुभेदारांनी."

बटणं वाजत राहिली.

"मग सरळच असंल," शेठ म्हणाले. तेवढ्यात शिपाई तिसऱ्यांदा खड्ड्यात गेला. शेठनी पट्टा जरा सैल केला आणि पुन्हा पहिल्या झुडपापासून निघाले.